डीएलसी घ्यावं की नाही? पहिल्यांदा पैसे मोजणाऱ्यांसाठी

मे महिन्यातली दुपार होती. नागपुरात त्रिमूर्तीनगरच्या घरी कूलर सुरू, पडदे ओढलेले आणि भाचा लॅपटॉपसमोर फोन हातात घेऊन बसलेला. "मामा, हे घेऊन राहिलो मी. सेल आज रात्रीच संपून राहिला." स्क्रीनवर एका मोठ्या साहसी खेळाचं एक्स्पान्शन, म्हणजे मूळ खेळाला जोडायचा मोठा नवा भाग होता, किंमत १,८०० रुपये, आणि बाजूला यूपीआयचा क्यूआर कोड. मी विचारलं, "मेन गेम झाला काय तुझा?" तो म्हणाला, "कुठं? अर्धाही नाही झाला." आणि त्याने कोड स्कॅन केला. आजीने वाढदिवसाला दिलेले पैसे होते ते. आज आठ महिने झाले, ते एक्स्पान्शन त्याने एकदाही खेळलेलं नाही. त्यात शिरायची वाट मूळ कथा बरीच पुढे गेल्यावर उघडते आणि तिथपर्यंत तो पोचलाच नाही.

मी त्या दिवशी त्याला अडवलं नाही याचं मला वाईट वाटतं. पण अडवायला माझ्याकडे नेमकं काही नव्हतं. "पैसे वाया घालवू नको" एवढ्यावर सतरा वर्षांचा पोरगा थांबत नाही, आणि थांबावं तरी का? असं वेगळं विकलं जाणारं सामान, ज्याला डीएलसी (डाउनलोडेबल कंटेंट) म्हणतात, ते म्हणजे लूटच, असंही नाही. मी स्वतः काही डीएलसी घेतली आहेत आणि त्यातल्या दोन-तीनवर खर्च केलेल्या पैशांइतके चांगले पैसे मी दुसरीकडे कुठे खर्च केले नसतील. तेव्हापासून मी स्वतःला आणि भाच्याला एकाच क्रमाने प्रश्न विचारतो. तोच क्रम खाली देतोय.

पायरी १: नेमकं काय विकताहेत ते ओळखा

डीएलसी म्हणजे मूळ खेळ घेतल्यावर वेगळं डाउनलोड करून त्याला जोडायचं सामान. शब्द एकच, पण आतल्या वस्तूंमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डाने 'ऑब्लिव्हियन' या खेळासाठी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. कथेत भर नाही, नकाशात भर नाही, घोडा तेवढा सजला. खेळाडू इतके चिडले की आजही फालतू डीएलसीचं उदाहरण द्यायचं झालं तर त्या घोड्याचंच नाव निघतं. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने त्याच खेळासाठी 'शिव्हरिंग आयल्स' आणलं, ज्यात फिरायला अख्खा नवा प्रदेश आणि नवी कथा होती. दुकानाच्या भाषेत ही दोन्ही डीएलसीच.

म्हणून पान उघडलं की आधी वर्णन वाचा आणि ठरवा की ही वस्तू कुठल्या खान्यात बसते. नवी कथा, नवा प्रदेश, खेळायच्या नव्या पद्धती असतील तर ते एक्स्पान्शन, आणि पुढच्या पायऱ्या मुख्यतः त्याच्यासाठी आहेत. कपडे, रंग, बंदुकीची स्किन (नुसतं वरचं रूप) असेल तर तो हौसेचा खर्च. हौस असेल तर करा, पण त्यातून खेळायला जास्त मिळणार नाही हे मनाशी स्पष्ट असू द्या. 'वेळ वाचवा' म्हणत नाणी किंवा अनुभवाचे गुण विकत असतील तर माझं मत पक्कं आहे: घेऊ नका. जो खेळ स्वतःचाच भाग टाळायला तुमच्याकडून पैसे घेतो, त्याचा तो भाग कंटाळवाणा आहे हे बनवणाऱ्यालाही माहीत असतं.

आणि सीझन पास. त्यात तुम्ही अजून तयार न झालेल्या गोष्टींचे आगाऊ पैसे देता. नव्या खेळाडूने तो पहिल्या दिवशी कधीच घेऊ नये. सगळे भाग बाहेर आल्यावर तोच पास बहुतेक वेळा स्वस्तात मिळतो आणि तोवर लोकांनी ते भाग खेळून मतंही मांडलेली असतात.

याच पायरीवर आणखी एक गोष्ट तपासायची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे कूलर घेताना लोखंडी स्टँड वेगळा घ्यावा लागला तर कुणी भांडत नाही. पण दुकानदार म्हणाला की पाण्याचा पंप वेगळा घ्या, तर तो कूलर अर्धाच विकला म्हणायचा. डीएलसी स्टँड आहे की पंप, हे बघा. मार्च २०१२ मध्ये 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन' आला तेव्हा १२ पात्रं डिस्कवर आधीपासूनच होती, पण ती उघडायला नंतर वेगळे पैसे मागितले गेले. त्याच महिन्यात 'मास इफेक्ट ३' आला. ज्या प्राचीन जमातीभोवती त्या मालिकेचं रहस्य फिरतं, त्या जमातीचा एकमेव वाचलेला योद्धा पहिल्याच दिवशी वेगळ्या डीएलसीत विकायला होता. हे दोन्ही पंप. उलट 'द विचर ३' बघा. मे २०१५ मध्ये खेळ आल्यावर तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेडने १६ छोटी डीएलसी फुकट दिली आणि पैसे फक्त दोन मोठ्या एक्स्पान्शनचे घेतले. मूळ खेळ त्या दोन्हींशिवाय पूर्ण होता.

हे कसं ओळखायचं? मूळ खेळाबद्दल लोक काय म्हणताहेत ते वाचा. "डीएलसी नसेल तर शेवट अर्धवट वाटतो" असं वारंवार दिसलं, तर मूळ खेळाची किंमत आणि डीएलसीची किंमत एकत्र धरा आणि त्या बेरजेला तो खेळ परवडतो का ते बघा.

पायरी २: मूळ खेळ कुठवर आला?

भाच्याच्या १,८०० रुपयांनी मला शिकवलेली पायरी ही. पैसे भरण्याआधी लायब्ररी उघडायची आणि दोन आकडे बघायचे: एकूण किती तास खेळलो आणि शेवटचं कधी खेळलो. स्टीम या पीसी खेळांच्या ऑनलाइन दुकानात हे दोन्ही लायब्ररीतल्या खेळाच्या पानावर वरच दिसतं. शेवटचं खेळून महिना उलटला असेल तर डीएलसी घ्यायचं नाही. आधी मूळ खेळ पुन्हा सुरू करायचा, आठवडाभर टिकला तर मग बघू.

कथा असलेल्या खेळात एक्स्पान्शनची वाट कुठे उघडते हे विशेष करून शोधा. 'एल्डन रिंग'चं 'शॅडो ऑफ द एर्डट्री' जून २०२४ मध्ये ४० डॉलरला आलं. त्यात शिरायचं तर आधी राडान आणि मोग या दोन बॉसना, म्हणजे बलाढ्य शत्रूंना, हरवावं लागतं. मोग तर मूळ कथा संपवायला लागतही नाही, तो आडवाटेला आहे आणि चांगलाच अवघड आहे. नवा खेळाडू तिथे पोचायला कित्येक आठवडे लागू शकतात. 'सायबरपंक २०७७'चं 'फँटम लिबर्टी' मूळ कथेच्या मध्यावर उघडतं. 'विचर ३' मात्र दोन्ही एक्स्पान्शन मुख्य मेनूतून थेट सुरू करू देतो. प्रत्येक खेळाचं वेगळं आहे, त्यामुळे अंदाजावर जाऊ नका.

माझा नियम सोपा आहे. मूळ कथा संपली, नावांची यादी वर सरकली, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना वर्धा रोडच्या सिग्नलवर उभं असताना त्या खेळातलं गाव आठवलं, तर एक्स्पान्शन घ्यायचं. नाही आठवलं तर पुढचा खेळ.

ज्या खेळांना शेवटच नसतो, तिथे हा नियम चालत नाही. 'युरो ट्रक सिम्युलेटर २', 'सिव्हिलायझेशन', 'एज ऑफ एम्पायर्स' हे त्यातले. तिथे मी तास बघतो: मूळ खेळावर ४० तास झाल्याशिवाय एक रुपयाही नाही. याचं माझ्यासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे 'एज ऑफ एम्पायर्स २'. शाळेत असताना आम्ही पोट्टे धरमपेठेतल्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे जमवून हा खेळ खेळायचो. तेव्हा त्यात भारतीय सैन्य नव्हतंच. २०१३ च्या 'द फरगॉटन' एक्स्पान्शनमध्ये 'इंडियन्स' नावाने एकच गट आला, त्यात अख्खा देश कोंबलेला. एप्रिल २०२२ मध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' आलं आणि बंगाली, द्रविड आणि गुर्जर हे वेगळे गट मिळाले. जुन्या इंडियन्सचे हिंदुस्तानी झाले. राजेंद्र चोळाची मोहीम मी सुरू केली आणि द्रविडांची उरुमी तलवार पहिल्यांदा चालताना बघितली. उरुमी म्हणजे चाबकासारखी लवचीक तलवार. शत्रूच्या घोळक्यात तो सैनिक शिरला की पहिला वार एकदम सगळ्यांवर पडतो. मी तेवढीच लढाई पुन्हा सुरू करून तीनदा बघितली. ज्या खेळात माझं लहानपण गेलं, त्यात मला माझ्या देशाच्या इतिहासाची चार दारं उघडून मिळाली. पण हेच डीएलसी, ज्याने हा खेळ कालच घेतला त्याला मी घ्यायला सांगणार नाही. त्याला मूळ खेळातच तीसच्या वर गट आहेत, ते तर आधी ओळखीचे होऊ देत.

पायरी ३: हे तुमच्याकडे चालेल का?

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात आणि दुकानही हे ठळकपणे सांगत नाही.

डीएलसी ज्या दुकानातलं, मूळ खेळही त्याच दुकानातला लागतो. एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात फुकट मिळालेल्या खेळाला स्टीमवरचं स्वस्त डीएलसी जोडता येत नाही. भाच्याच्या मित्राने नेमकं हेच केलं होतं.

प्लेस्टेशनच्या डिस्कचं आणखी वेगळं. डिस्क ज्या प्रदेशासाठी छापली आहे, त्याच प्रदेशाच्या स्टोअरचं डीएलसी तिला लागतं. बर्डीच्या बाजारात जुन्या डिस्क बघताना किंवा अमेरिकेतल्या काकांनी आणलेली डिस्क वापरताना हे डोक्यात असू द्या. डिस्क खेळायला व्यवस्थित चालते, पण भारताच्या अकाउंटवरून घेतलेलं डीएलसी तिला दिसतच नाही. तसंच वापरलेल्या डिस्कच्या डब्यात डीएलसीचा कोड असेल तर तो आधीच्या मालकाने वापरलेला आहे असंच धरून किंमत ठरवा, कारण असा कोड एकदाच चालतो.

गेम पास किंवा प्लेस्टेशन प्लस या महिन्याच्या वर्गणीवर मूळ खेळ खेळत असाल तर आणखी सावध. तिथला मूळ खेळ भाड्याचा असतो आणि डीएलसी तुम्ही विकत घेता. महिन्याचं भाडं थांबलं किंवा तो खेळ यादीतून गेला, की डीएलसी तुमच्या नावावर राहतं पण ते चालवायला मूळ खेळ विकत घ्यावा लागतो.

आणि मशीन. 'फँटम लिबर्टी' प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आलंच नाही, जरी मूळ खेळ तिथे चालत होता. पीसीवरही त्याच सुमाराला त्या खेळाला साध्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, लागू लागली. डीएलसीच्या पानावर स्वतंत्र सिस्टिम रिक्वायरमेंट्स (मशीन किमान कसं हवं ते) असतात, त्या वाचा. मूळ खेळ चालतो म्हणजे एक्स्पान्शन चालेलच असं नाही.

पायरी ४: आता किंमत

इथवर आलात तर वही काढा. मी पाठकोऱ्या कागदांची एक वही ठेवली आहे. त्यात तीन रकाने: किंमत, किती तासांचं आहे, आणि मला खरंच किती तास मिळाले. 'विचर ३'चं 'हार्ट्स ऑफ स्टोन' १० डॉलरचं आणि साधारण १० तासांचं, 'ब्लड अँड वाइन' २० डॉलरचं आणि २० तासांचं. तासाला एक डॉलर पडतो, तोही पूर्ण किमतीत. 'ब्लड अँड वाइन'ने तर २०१६ च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट रोल-प्लेइंग खेळाचा पुरस्कार घेतला, एक एक्स्पान्शन असून. ही मोजपट्टी मी चांगल्या डीएलसीसाठी धरतो.

पण तासांच्या नादी फार लागू नका. दहा तासांची घट्ट विणलेली कथा ही नकाशावर झेंडे गोळा करत घालवलेल्या चाळीस तासांपेक्षा कितीतरी मोलाची. वहीतला तिसरा रकाना म्हणूनच आहे. तिथे मी नुसता आकडा लिहित नाही, आठवतंय काय तेही एका ओळीत लिहितो. वर्षभराने तो रकाना वाचला की पुढच्या वेळी कशावर पैसे घालायचे ते आपोआप कळतं.

मतं वाचताना डीएलसीच्या स्वतःच्या पानावरची वाचा, मूळ खेळाची नको. डीएलसी घेणारा माणूस मुळात त्या खेळाचा चाहता असतो. त्यामुळे तिथे चांगल्या मतांची गर्दी असणारच. चाहतेच नाराज असतील तर मात्र ते गांभीर्याने घ्या.

सेलची घाई कधीच करू नका. स्टीमवर दरवर्षी चार मोठे हंगामी सेल येतात, त्यातला उन्हाळ्याचा जूनच्या अखेरीस आणि हिवाळ्याचा डिसेंबरच्या अखेरीस. आज संपणारी सवलत बहुतेक वेळा काही महिन्यांत परत येते. वस्तू विशलिस्टमध्ये टाका, किंमत उतरली की ईमेल येतो. स्टीमडीबी या साइटवर कुठल्याही खेळाच्या जुन्या किमती बघता येतात. त्यात आजपर्यंतची सगळ्यात कमी किंमत बघा आणि तिथे येईपर्यंत थांबा. जो खेळ अजून घेतलाच नाही, त्याची कंप्लीट एडिशन आधी शोधा. दोन-तीन वर्षं जुन्या खेळात सगळी डीएलसी धरूनचा संच कित्येकदा नुसत्या मूळ खेळाच्या आसपास येऊन बसतो.

आणि फुकट जे मिळतंय ते आधी खेळा. 'स्टारड्यू व्हॅली', 'टेरारिया', 'नो मॅन्स स्काय' या खेळांनी वर्षानुवर्षं मोठमोठी अपडेट्स एक पैसा न घेता दिली आहेत. ज्याला महिन्याला मोजकाच खर्च परवडतो, त्याने असे खेळ आधी निवडावेत असं मी मनापासून सांगेन.

पायरी ५: मोबाइलवरचे खेळ

याची गोष्ट वेगळी आहे आणि आपल्या घराघरांतले पैसे खरं तर इथेच जातात.

मोबाइलवर एक्स्पान्शन क्वचितच विकतात. विकतात ते खेळातलं चलन, बॅटल पास (त्या हंगामात टप्पे गाठत बक्षिसं मिळवायचा परवाना) आणि नशिबाच्या पेट्या. चलनाचे संच मुद्दाम अशा आकाराचे असतात की हवी ती वस्तू घेतल्यावर थोडं उरतं. उरलेलं वापरायला आणखी घ्यावंसं वाटतं. म्हणून वस्तूची किंमत नेहमी रुपयांत मांडा, कागदावर. बॅटल पास घ्यायचाच असेल तर हंगाम सुरू होताना नको. शेवटच्या आठवड्यात बघा आपण किती टप्पे गाठले. बहुतेक खेळांत पास उशिरा घेतला तरी गाठलेल्या टप्प्यांची बक्षिसं एकदम मिळतात, आणि तेव्हा कळतं की तो घेण्यासारखा आहे का.

नशिबाच्या पेटीला हात लावू नका. काय मिळेल ते पैसे भरल्यावर कळणार असेल, तर ती खरेदी नव्हे. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणलं. ॲपलने २०१७ च्या डिसेंबरपासून प्रत्येक पेटीत काय मिळण्याची शक्यता किती टक्के आहे हे दाखवणं बंधनकारक केलं. ते टक्के शोधून मुलांसमोर मोठ्याने वाचा. एक टक्का म्हणजे शंभर वेळा पैसे भरूनही खात्री नाही, हे भाच्याला मी कॅरमच्या शंभर सोंगट्या मांडून दाखवलं. त्यानंतर त्याने परत विचारलं नाही.

शिवाय हे चलन सर्व्हर चालू असेपर्यंतच तुमचं. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाइलवर बंदी आली, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर आली. हे फक्त मोबाइलचं नाही. 'द क्रू' हा गाड्यांचा खेळ २०१४ मध्ये आला, त्याची दोन एक्स्पान्शन लोकांनी पैसे देऊन घेतली, आणि मार्च २०२४ च्या शेवटी सर्व्हर बंद झाल्यावर ज्यांनी डिस्क घेतली होती त्यांनाही काहीच खेळता येईना. नेहमी ऑनलाइन राहावं लागणाऱ्या खेळाचं डीएलसी घेताना मी त्याची किंमत मनात निम्मी धरतो आणि मग ठरवतो.

पालकांसाठी एकच काम: प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीआधी पडताळणी मागण्याची सोय चालू करा. आईचा फोन मुलाच्या हातात असतो तेव्हा तीच कामी येते.

पायरी ६: चुकलं तर परत करा

हे भाच्याला माहीत असतं तर त्याचे पैसे परत आले असते. स्टीमवर खेळ घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर रिफंड मिळतो. डीएलसीसाठी हिशोब थोडा वेगळा आहे: डीएलसी घेतल्यानंतर मूळ खेळ दोन तासांपेक्षा कमी चाललेला असावा आणि डीएलसीतलं काही वापरून संपलेलं नसावं. म्हणजे घेतल्यावर आधी मूळ खेळातच तासन्‌तास घालवत बसू नका. पहिल्याच दिवशी डीएलसी उघडून बघा, नाही उघडलं किंवा नाही आवडलं तर लगेच अर्ज करा. प्लेस्टेशनवर नियम जास्त कडक आहे. १४ दिवस तिथेही आहेत, पण डाउनलोड सुरू केलं की साधारणपणे रिफंडचा हक्क संपतो. म्हणून तिथे पैसे भरून झाले तरी डाउनलोडचं बटण दाबण्याआधी पायरी ३ परत एकदा वाचा.

स्टीमचा अर्ज असा करायचा: हेल्प, मग स्टीम सपोर्ट, मग खरेद्यांची यादी, त्यात ते डीएलसी, मग रिफंडचा पर्याय. कारण विचारतील, खरं ते एका ओळीत लिहा. पैसे स्टीमच्या वॉलेटमध्ये हवेत की ज्या मार्गाने भरले तिकडे, तेही तिथेच निवडता येतं. खरेदीचा ईमेल तोपर्यंत पुसू नका आणि चौदावा दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.